दुसरं माणूस आणा, साहेब

मला गोंडी शिकायला घातलं ते पोलक्याच्या मापासाठी. अब्बा आलापल्लीचे टेलर. टेलर म्हणजे दुकान-बिकान काही नव्हतं; शिलाई मशीन सायकलच्या कॅरिअरला बांधायची आणि आठवड्याचे बाजार करायचे. कुठे झाडाखाली, कुठे ग्रामपंचायतीच्या ओसरीवर जागा मिळेल तिथे ठाण मांडायचं, आणि गिऱ्हाइकाने आणलेलं कापड बाजार उठायच्या आत शिवून द्यायचं. पुरुषांचं ठीक होतं. पण आतल्या गावांतल्या बायका पोलक्याचं कापड द्यायच्या आणि अंगाला टेप लावू द्यायच्या नाहीत. ती लावावी असं अब्बांनाही कधी वाटलं नाही. ते नजरेच्या अंदाजाने कापायचे. पुढच्या बाजारी ती बाई पोलकं घेऊन परत यायची आणि गोंडीत पुष्कळ काही बोलायची. अब्बांना त्यातलं काही कळत नसे, पण शिव्या कुठल्याही भाषेतल्या समजतात असं ते हसत सांगायचे.

म्हणून रामटेके गुरुजींनी गावाबाहेर दोन भाषांची शाळा काढली तेव्हा अब्बांनी मला उचलून तिथे घातलं. घरात मोठा गदारोळ झाला. मामू म्हणाले, "गोंडी पढाके छोकरी को क्या पटवारी बनाएगा?" अब्बा मशीनला तेल घालत होते. मान वर न करता म्हणाले, "बाजार की जुबान है. सीखेगी तो भूकी नहीं मरेगी." अब्बांचा अंदाज पोलक्यांच्या बाबतीत नेहमी चुकायचा, माझ्या बाबतीत तो तंतोतंत बरोबर ठरला. हे लिहितानाही मला त्याचा आनंद धड होत नाही.

गुरुजी कुरखेड्याकडचे, धान पिकवणाऱ्या बौद्ध घरातले. घरातले पहिले शिकलेले. लहानपणी त्यांच्या वर्गातली गोंड पोरं मराठी न कळल्यामुळे एकेक करून शाळेतून नाहीशी झाली होती, आणि ती गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. त्यांच्या शाळेचा नियम सोपा होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं गोंडीत; बेरीज-वजाबाकीही गोंडीत आणि रागावणंही गोंडीत. सुट्टीनंतर सगळं मराठीत. गुरुजींची स्वतःची गोंडी मोठेपणी शिकलेली, वाकडी-तिकडी. सकाळी पोरं त्यांना सुधारायची आणि ते निमूटपणे तोच शब्द पुन्हा म्हणायचे. दुपारी मात्र ते आम्हाला सुधारायचे, आणि सकाळचं सगळं उट्टं काढायचे. "तुमच्याशिवाय या जिल्ह्याचं पान हालणार नाई," असं ते आम्हाला सारखं सांगत. "दवाखान्यात, कचेरीत, ब्यांकेत, एका अंगाले गोंडी बोलणारे अन् दुसऱ्या अंगाले मराठी. मधात कोण पायजे? तुमी." आम्ही ते खरं मानलं. गुरुजीही ते खरंच मानत होते.

माझ्या शेजारी जयवंता बसायची. आलापल्लीपासून बरंच आत, दोन नाले ओलांडून तिचं गाव. ती शाळेच्या वसतिगृहात राहायची. पहिले काही महिने सकाळी मी मुकी असायची आणि दुपारी ती. सकाळी मला पाणी हवं असलं की ती गुरुजींकडे 'एर' मागायची, दुपारी तिच्या वतीने मी बोलायची. मग हळूहळू दोघींनाही दोन्ही बाजूंचं कळायला लागलं. तिला माझ्यापेक्षा फार लवकर. मी शब्द पाठ करायची. तिला ते पाठ करावे लागत नसत. पाचवी-सहावीपर्यंत तिची मराठी इतकी स्वच्छ झाली की गुरुजी पाहुण्यांसमोर वाचायला तिलाच उभी करत.

शनिवारी दुपारी ती आमच्या घरी यायची. आमचं घर दोन खोल्यांचं, पाठीमागे आरा गिरणी. सागाच्या ओंडक्यात पातं शिरलं की बोलणं थांबवावं लागे, ते बाहेर पडलं की वाक्य पुढे सुरू. आमच्या घरातली सगळीच माणसं अजूनही बोलता बोलता मध्येच थांबतात, त्याचं कारण ती गिरणी. जयवंता यायची ती फडक्यात रानातली फळं, टेंभरं नाहीतर चारं, बांधून. अम्मी तांदळाच्या भाकरी थापायची, अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी द्यायची आणि जयवंताला समोर बसवून तिचे केस विंचरायची. "इतने बाल और तेल का नाम नहीं," म्हणून तिला रागावायची. जयवंताला हिंदी तेव्हा येत नव्हती, पण डोकं मात्र ती गपगुमान अम्मीच्या हातात देऊन बसायची. ईदच्या शेवया तिला इतक्या आवडायच्या की अम्मी तिच्यासाठी सुक्या शेवयांची पुरचुंडी बाजूला काढून ठेवायची.

रविवारी आम्ही दोघी अब्बांबरोबर बाजाराला जायचो. गळ्यात टेप घालून बायकांची मापं घ्यायची हे माझं काम. पण खरा बाजार जयवंताचाच. येणाऱ्या निम्म्या बायका तिच्या कुठल्या ना कुठल्या नात्यातल्या. कोणी मामी, कोणी आत्या, कोणी थट्टेच्या नात्यातली, की माप घेता घेता एकमेकींना चिमटे. मी भाषा बोलायची, ती नाती बोलायची. अब्बांचं गिऱ्हाईक वाढलं, पोलकी परत यायची थांबली. अब्बा तिला म्हणायचे, "जया बेटा, तू तो मेरी पार्टनर है." ती लाजून मशीनच्या पाठीमागे जाऊन बसायची.

शाळा दहावीपर्यंत होती. पुढे आम्ही दोघींनी बारावी केली आणि मग आमच्या ध्यानात आलं की आमच्या शिक्षणाचा अर्धा दिवस कुठेच मोजला जात नाही. परीक्षा मराठीत, मुलाखती मराठीत, अर्ज मराठीत किंवा इंग्रजीत. गोंडी येते का, असं कोणीही विचारत नव्हतं. आमच्या वर्गातला एक हुशार मुलगा तेंदूपत्त्याच्या फडावर मुकादमाच्या हाताखाली लागला. दुसरा चंद्रपूरला हॉटेलात गेला आणि तिथे आपण गोंड आहोत हे सांगेनासा झाला. गावांतले लोक गुरुजींना रस्त्यात थांबवून विचारायचे, पोरं कवा लागतीन? गुरुजी म्हणायचे, लागतीन. पण त्यांनी मग बाजाराच्या रस्त्याने जाणं सोडलं. आडवाटेने शाळेत जायचे.

याच सुमाराला जयवंताची सोयरीक झाली. मुलगा बरा होता, घरी धानाची शेती होती. जयवंताने बापाजवळ एकच मागणं केलं. नोकरी लागली तर लग्न झाल्यावर ती दवाखान्याच्या नाहीतर कचेरीच्या गावात राहील आणि नवरा तिकडे येईल. नाही लागली तर धान निघाल्यावर लग्न आणि सासरी शेतात. मुलाकडच्यांनी ते कबूल केलं. तिचा बाप मला म्हणाला होता, "तिले लय हौस हाय वो शिकल्याची. पाहू, काय होते तं."

आणि मग गुरुजी एका दुपारी सायकल दामटत आमच्या दारात आले. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्याला गोंडी आणि मराठी दोन्ही उत्तम येणारं माणूस हवं होतं, रोग्याचं डॉक्टरला आणि डॉक्टरचं रोग्याला सांगायला. जागा एकच, पण कायमची. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी मला आयुष्यभर पोसलं आहे. अम्मीने दिलेलं पाणी गुरुजींनी प्यायलंही नाही. "जुबेदा, तू अन् जयवंता दोघी जा," म्हणाले. "दोघीतून कोणीबी लागली तरी शाळा लागली." गुरुजी, जयवंता आणि मी, तिघांनाही मनातून ठाऊक होतं की ती जागा जयवंताची आहे. मी सोबत म्हणून जात होते. माझ्याजवळ बाजार होता, टेप होती, अब्बा होते.

मुलाखतीला आम्ही दोघी आणि गुरुजी बसने गेलो. जयवंताने अम्मीने शिवलेली फिकी निळी ओढणी घेतली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. समोर रोग्यांची रांग. एक प्यून येऊन रांगेतल्या एका माणसाला हाताला धरून आत घेऊन गेला. तिशी-पस्तिशीचा उंच माणूस, पायाला फडकं बांधलेला. मग आतून जयवंताचं नाव पुकारलं. ती उठली, ओढणी नीट केली आणि माझ्याकडे पाहून हसली. तिचं ते हसणं मला अजून जसंच्या तसं दिसतं.

ती फार लवकर बाहेर आली. माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून थेट नळाकडे गेली. मी उठेपर्यंत माझं नाव पुकारलं. आत टेबलामागे डॉक्टर होते, संस्थेचे एक साहेब आणि एक बाई. बाजूच्या स्टुलावर तो पायाला फडकं बांधलेला माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. साहेब म्हणाले, "हे पेशंट आहेत. यांना मराठी येत नाही. यांना काय होतंय, कधीपासून होतंय, ते विचारून आम्हाला सांगा." मी त्या माणसाला जोहार केला आणि गोंडीत विचारलं, दादा, पायाला काय झालं? त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि कोणी दार उघडल्यासारखा बोलायला लागला. बांबू तोडताना खुंट घुसला, पाला बांधला, मग पू झाला, रात्री ताप येतो. मी सगळं मराठीत सांगितलं. डॉक्टरांनी दोन-तीन प्रश्न विचारले, ते त्याला सांगितले. साहेब खूश झाले. "तुम्ही गोंड नसून किती सफाईने बोलता," म्हणाले. त्या बाईंनी मला घरचा पत्ता विचारला.

जयवंता नळाजवळ उभी होती. तोंड धुतलेलं, ओढणी ओली. मी विचारलं, "काय झालं वो? बोलली काऊन नाई?"

"भासरा होता," ती म्हणाली.

तो माणूस तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा सख्खा मोठा भाऊ होता. पाय दाखवायला आला होता, आणि कोणीतरी गोंड रोगी हवा म्हणून प्यूनने नेमका त्यालाच उचलला होता. सोयरीक झाली की भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यासमोर डोकं उघडं ठेवायचं नाही. त्यानेही तिच्याशी बोलायचं नाही. यात भांडण-तंटा काही नसतो. तो मान आहे. रस्त्यात भासरा समोरून आला तर सून वाट सोडून झाडामागे उभी राहते. इथे खोलीत झाड नव्हतं, आणि साहेब म्हणत होते, विचारा, लाजू नका. तिने ओढणी पुढे ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानेही दुसऱ्या भिंतीकडे केलं. साहेबांनी पुन्हा सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "दुसरं माणूस आणा, साहेब." का, ते त्याच्या देखत कसं सांगणार? साहेब म्हणाले, दवाखान्यात माणूस निवडून मिळत नाही. आणि तिला जायला सांगितलं.

गुरुजींना मी हे सांगितलं तेव्हा ते तडक आत गेले. मीही त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. गुरुजींनी सगळं समजावून सांगितलं, हात जोडून सांगितलं. "ती शाळेत पहिली आलेली पोरगी हाय साहेब, दुसरा रोगी आणून पाहा." साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुरुजी, तुमचं खरं आहे. पण उद्या वॉर्डात हिचा कोण ना कोण नातेवाईक रोज येणार. कोणाशी बोलायचं नाही, कोणासमोर उभं राहायचं नाही. बाळंतपणाचं, गुप्तरोगाचं हिने कोणाकोणाला विचारायचं? आम्हाला नात्यातलं माणूस नको. बाहेरचंच बरं."

गुरुजींनी जोडलेले हात खाली घेतले. खरं सांगायचं तर आज इतक्या वर्षांनी, त्याच वॉर्डात आयुष्य काढून झाल्यावरही त्या साहेबाला काय उत्तर द्यायचं ते मला सापडलेलं नाही. मी परकी होते म्हणून सगळ्यांशी बोलू शकत होते. जयवंता त्यांची होती म्हणून शकत नव्हती.

परतीच्या बसमध्ये गुरुजी आमच्यापुढच्या सीटवर बसले होते. मागे न वळताच म्हणाले, "गणित शिकवलं, भूगोल शिकवला. आपल्या माणसाले परकं मानाचं कसं, हे कसं शिकवू मी?" जयवंताने खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "नका शिकवू, गुरुजी." मग ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, मी ही नोकरी घेणार नाही. ती जरा चिडूनच बोलली. "तू नाई घेतली तं मले भेटन का? घे. अब्बाचे डोळे गेले शिवून शिवून."

धान निघाल्यावर तिचं लग्न झालं. अम्मीने शेवयांची पुरचुंडी पाठवली. मी ड्युटीवर होते, जाऊ शकले नाही. दोनेक वर्षांत शाळेला मुलं मिळेनाशी झाली. ज्या शाळेतून लागली ती एक शिंप्याची पोरगी, त्या शाळेत लोक आपली पोरं कशाला घालतील? गुरुजी कुरखेड्याला परत गेले. माझ्या पहिल्या पगाराचं धोतर मी त्यांना पाठवलं होतं. त्यांनी ते नेसलं की नाही कोण जाणे.

मध्यंतरी शहरातून दोन तरुण मुली माझ्याकडे आल्या होत्या. दोन भाषांत शिकलेल्या मुलांना पुढे नोकरीधंद्यात काय फायदा झाला, यावर त्या अभ्यास करत होत्या. त्यांनी मोबाईल माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला त्या शिक्षणाचा उपयोग झाला का?" मी म्हटलं, हो, पुष्कळ झाला. हे खोटं नव्हतं. या घरातली फरशी त्या सकाळच्या अर्ध्या दिवसाची आहे, मुलांची शिक्षणंही. त्या खूश होऊन गेल्या. त्या गेल्यावर मला फार रडू आलं. फायदा कोणाला झाला, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

निवृत्तीच्या आदल्या पावसाळ्यात वॉर्डातून मला बोलावणं आलं. एक म्हातारा रोगी दमा वाढून भरती झाला होता. सोबत त्याची सगळ्यात धाकटी पुतणी, वीस-एकवीस वर्षांची, चंद्रपूरला नर्सिंग शिकणारी. डॉक्टरांनी तिला विचारलं, हे काय म्हणतात? तर ती म्हणाली, "मले गोंडी येत नाई, सर. पाणी-जेवण एवढंच समजते." मी गेले. पडद्यापलीकडे कोणी बाई डोक्यावर पदर घेऊन पाठमोरी उभी होती. ती वळली आणि मी जयवंताला पाहिलं. केस निम्मे पांढरे झाले होते, अजून दाट होते. नवरा वारल्यावर या आजारी भासऱ्याचं सगळं तीच करत होती. घरी तिच्या नि त्याच्या मधलं बोलणं त्याची बायको करायची. तीही गेली होती. इथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

तेव्हा दोन दिवस मी एक अजब काम केलं. तो गोंडीत बोलायचा, ते पडद्यापलीकडे जयवंताला स्पष्ट ऐकू जायचं. तरी मी पलीकडे जाऊन तेच तिला गोंडीत सांगायची. तिचं उत्तर त्याला ऐकू यायचं, तेही मी अलीकडे येऊन त्याला सांगायची. मग सगळं डॉक्टरांना मराठीत.

दुसऱ्या दिवशी दम जरा बसल्यावर त्याने मला जवळ बोलावलं. तो मला ओळखत होता. म्हणाला, "त्या दिवशी खोलीत काय चाललंय ते मला कळलंच नव्हतं, बाई. मला वाटलं, डॉक्टर पाय बघायला बसलेत, पोरगी चुकून आली, जाईल बाहेर. तिची नोकरी तिथे होती हे मला तिच्या लग्नानंतर कळलं. तिला सांग. मी उठून गेलो असतो."

मी पडद्यापलीकडे गेले. जयवंता खिडकीचा गज धरून उभी होती, तिचे डोळे वाहत होते. सगळं ऐकलेलं होतं, तरी ती माझी वाट पाहत होती. मी शब्द न शब्द सांगितला. मुलगी खाटेजवळ सलाईनची बाटली बदलत होती.

जयवंताने गज सोडला. मग पदराने तोंड पुसलं आणि गोंडीत म्हणाली, "त्यांना सांग, त्यांची काही चूक नाही. आणि सांग, माझ्या पोरीला मी गोंडी शिकवली नाही. पहिलीपासून बाहेर ठेवली, घरी आली तरी तिच्याशी मराठीच बोलले. आता तिच्यासमोर कोणालाही आणून बसवा. तिला उठून जावं लागणार नाही."

मी अलीकडे आले आणि ते सगळं त्याला सांगितलं. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. मुलीने त्याच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि मग मला विचारलं, "मावशी, आई काय म्हणून राह्यली?"

आयुष्यभर मी कोणाच्या तोंडचा शब्द बदलला नव्हता. मी तिला म्हटलं, "मोठ्या बाबाले गोळ्या वेळेवर घ्याले सांगते."